बुधवारी तीन ते सहा

दिवाळीच्या सुट्या संपवून रक्षा मडावी वर्ध्याला हॉस्टेलवर परत आली, तेव्हा तिच्या ओटीपोटात दुखायला लागलं होतं. आधी तिला वाटलं, पाळी जवळ आली असेल. पाळी आली आणि गेली, दुखणं मात्र राहिलं. सोबत अंगावरून जायला लागलं. एरवी मुलींना जातं तसं नाही, पिवळट, आणि त्याला वास होता. रक्षा दिवसातून दोनदा आंघोळ करू लागली. वर्गात ती खिडकीजवळच्या बाकावर एकटी बसायची, कारण शेजारी बसलेल्या मुलीला वास येईल अशी भीती तिच्या मनात बसली होती.

रक्षा वीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. गाव कारंजा तालुक्यात, जंगलाच्या काठावर. वडील जंगू वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला जात, आई भागाबाई लोकांच्या शेतात. घरी सगळे गोंडी बोलत. त्या गावातून सायन्सला गेलेली ती पहिलीच मुलगी, त्यामुळे सुटीत घरी गेली की बायका तिला पाहायला येत आणि भागाबाई न बोलता नुसती हसत बसे. हे दुखणं घरी सांगायचं तर गोंडीत कोणते शब्द वापरायचे हे रक्षाला कळत नव्हतं. मराठीतही कळत नव्हतं.

दुसरी अडचण गोपाल. तो केळझरचा, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. गणपतीच्या देवळाखाली त्याच्या वडिलांचं, नानाजींचं, नारळ-फुलांचं दुकान होतं. दीड वर्षापूर्वी कॉलेजच्या एका शिबिरात दोघांची ओळख झाली आणि गेल्या उन्हाळ्यापासून ती एकमेकांच्या अगदी जवळ आली होती. रक्षाला त्याचा पस्तावा नव्हता. खबरदारी घ्यायची हे दोघांनाही ठाऊक होतं, पण ती घेणं जमायचंच असं नाही. गोपाल मेडिकलमध्ये जायचा, काउंटरवर ओळखीचं कोणी उभं असायचं, आणि तो खोकल्याच्या गोळ्या घेऊन परत यायचा. असं तीनदा झालं होतं.

डिसेंबरात रक्षाने एका मेडिकलवाल्याला पोटाचा त्रास सांगितला. त्याने वर न पाहता तीन गोळ्या कागदात बांधून दिल्या. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. मग धीर करून ती एका खाजगी दवाखान्यात गेली. तपासणीचे चारशे आणि सोनोग्राफी वेगळी, हे बाहेर भिंतीवर लिहिलं होतं. तिच्याजवळ पाचशे होते. बाकांवर दहा-बारा बायका बसल्या होत्या. कागद भरणाऱ्या बाईने मिस्टरांचं नाव विचारलं. लग्न झालं नाही म्हटल्यावर तिने पेन खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, मग त्रास कशाचा आहे. रक्षा म्हणाली, पाळीचा. बाई तिच्याकडे थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, एकटीला मॅडम पाहत नाहीत, आईला घेऊन ये. रक्षा चपला घालून बाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की डाव्या पायात दुसऱ्याच कोणाची तरी चप्पल आहे. ती बदलायलाही ती परत गेली नाही.

जानेवारीत एका मंगळवारी केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला उभं असताना कळ इतकी जोराची आली की ती टेबलाला धरून खालीच बसली. अंगात कणकण होती. तिला हॉस्टेलवर आणलं ते तिच्या खोलीत राहणाऱ्या स्वीटी उईकेने. स्वीटी आर्वीकडची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, उंच आणि मोठ्याने हसणारी. त्या दिवशी ती हसली नाही. तिने दार लावलं, रक्षाच्या पलंगावर बसली.

"तुयं पोट दुखून राह्यलं हे मले दोन महिन्यांपासून माहीत हाय," ती म्हणाली. "तू सांगशीन म्हणून मी थांबली होती. आता नाई थांबत."

रक्षाने सगळं सांगितलं. गोपालचंही. सांगताना ती उशीच्या अभ्र्याचा कोपरा बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. स्वीटीने मधे काही विचारलं नाही. शेवटी एवढंच म्हणाली की वहिनीच्या बाळंतपणाला ती सरकारी दवाखान्यात आठ दिवस होती, तेव्हा तिथे सतरा नंबरच्या खोलीवर एक पाटी पाहिली होती. तरुण मुलामुलींसाठी सल्ला आणि तपासणी, मोफत, नाव गुप्त राहील. आपण तिथे जाऊ.

पाटी होती, पण वेळ होती अकरा ते एक, मंगळवार आणि शुक्रवार. दोन्ही दिवशी रक्षाचं प्रॅक्टिकल अकरालाच सुरू व्हायचं. शुक्रवारी ती अर्ध्यातून निघाली, ऑटो करून पोचली तर एक वाजून पाच मिनिटं झाली होती आणि दाराला कुलूप. त्या खोलीसमोरच गरोदर बायकांच्या तपासणीचा बाक होता. त्यावर जागा नव्हती इतक्या बायका. एका म्हाताऱ्या बाईने रक्षाला विचारलं, कोणत्या गावची तू, आणि कोणाची. रक्षाने खोटं गाव सांगितलं आणि ती जिन्याकडे चालू लागली. मागून आलेली स्वीटी खाली भेटली तेव्हा रक्षा म्हणाली, आता पुन्हा नाही येणार. स्वीटीने वाद घातला नाही. पुढच्या मंगळवारी सकाळी मात्र तिने रक्षाची प्रॅक्टिकलची वही आपल्या बॅगेत टाकली आणि म्हणाली, आज प्रॅक्टिकल नाही, आज दवाखाना.

सतरा नंबरच्या खोलीत एक टेबल, दोन खुर्च्या, पडदा लावलेला एक कोपरा आणि कांताताई. वय पंचेचाळीसच्या पुढे, चष्मा गळ्यात दोरीला. समुपदेशक म्हणून त्या तिथे सहा वर्षं काम करत होत्या. त्यांनी रक्षाला पाणी दिलं. स्वीटीला बाहेर थांबायला सांगितलं, पण आधी रक्षाला विचारलं की तिला मैत्रीण आत हवी आहे का. मग त्यांनी वहीत नावाच्या जागी एक नंबर लिहिला आणि त्रास काय, किती दिवसांपासून, ताप आला होता का, असं सगळं शांतपणे विचारून घेतलं.

"आता एक विचारते," त्या म्हणाल्या. "शरीरसंबंध येतो का? तपासणी कशी करायची ते त्यावर ठरते, म्हणून विचारून राह्यली. तू हो म्हण का नाई म्हण, मी तुले जे द्यायचं ते सारखंच देईन."

रक्षाने मान हलवली. कांताताईंनी वहीत एक खूण केली आणि पान उलटलं. एवढंच झालं. रक्षा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, तिथे काही बदलतं का ते शोधत. काही बदललं नाही. मग तिने विचारलं की आईची सही लागेल का. कांताताईंनी वय विचारलं आणि म्हणाल्या, वीस ना, मग तुझी सही पुरे.

डॉक्टर मॅडम शेजारच्या खोलीत होत्या, तरुण, बोलायला मोजक्या. हात लावण्याआधी काय करणार आहे ते त्या सांगत आणि मगच करत. दुखलं तर सांग, मी थांबते, असं त्यांनी दोनदा म्हटलं. दुखलं, रक्षाने सांगितलं आणि त्या खरंच थांबल्या. तपासून झाल्यावर त्यांनी सांगितलं की संसर्ग आहे, संबंधातून येणारा, आणि तो गर्भाशयापर्यंत वर चढायला लागला आहे. चौदा दिवसांच्या गोळ्या आहेत, एकही चुकवायची नाही. लघवीची आणि रक्ताची तपासणी आजच करून घे, एचआयव्हीचीही. दुखणं वाढलं किंवा ताप चढला तर चौदा दिवसांची वाट न पाहता लगेच ये.

रक्षाने जे तीन महिने कोणालाच विचारलं नव्हतं ते विचारलं. "मॅडम, मला पुढं मूल होईल ना?"

"असंच अंगावर काढत राहिली असतीस तर त्रास झाला असता," मॅडम म्हणाल्या. "आता आलीस, औषध नीट घे. काळजी करण्यासारखं आत्ता मला काही दिसत नाही."

रक्ताचा रिपोर्ट यायला तासभर लागणार होता. रक्षा आणि स्वीटी दवाखान्याच्या मागच्या पायरीवर बसल्या. त्या तासात रक्षाने मनात काय काय ठरवलं ते तिने पुढे स्वीटीलाही सांगितलं नाही. कॉलेज सोडायचं, गावी परत जायचं नाही, नागपूरला कुठे तरी काम शोधायचं, इथपर्यंत ती पोचली होती. कांताताईंनी आत बोलावून दार लावलं आणि बसायच्या आधीच सांगितलं की काही नाही, सगळं साफ आहे, आणि दिवसही राहिलेले नाहीत. रक्षा खुर्चीत बसली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती भूक. कितीतरी दिवसांत अशी भूक लागली नव्हती. गोळ्यांची पिशवी हातात धरून ती बाहेर आली आणि फाटकाजवळच्या गाडीवर दोघींनी तर्री-पोहे खाल्ले. रक्षाने दोन प्लेटा खाऊन तिसरी मागितली, तेव्हा गाडीवाल्याने पैसे न घेता वरून मूठभर चिवडा टाकला.

पण कांताताईंनी निघताना एक चिठ्ठी दिली होती. जोडीदाराचाही इलाज एकाच वेळी झाला पाहिजे, नाही तर तुझं पुन्हा उलटून येईल, असं त्यांनी सांगितलं होतं. कोणी कोणाला दिलं हे शोधत बसू नको, त्याने गुण येत नाही, असंही म्हणाल्या होत्या. रक्षाला शोधायची गरज नव्हती. तिच्या आयुष्यात गोपालशिवाय कोणी आलं नव्हतं. याचा अर्थ तिला ऑटोत बसल्यावर कळला.

शनिवारी दुपारी तिने गोपालला बसस्टँडच्या कॅन्टीनमध्ये बोलावलं. तिथे इतका गोंगाट असायचा की शेजारच्या टेबलावरचं ऐकू येत नसे. चहा आला. तिने ती चिठ्ठी त्याच्यापुढे ठेवली. त्याने वाचली, घडी घातली, पुन्हा उघडून वाचली.

मग तो हळूहळू बोलायला लागला. दिवाळीच्या आधीपासून त्याला लघवीला जळजळ होती, कधी कपड्याला डाग पडायचा. केळझरहून येता-जाता भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती तो लहानपणापासून पाहत आला होता, गुप्तरोगाच्या. त्यातल्या एका नंबरावर फोन करून तो महामार्गावरच्या जाम गावाला गेला होता. तिथे चौकातल्या एका लॉजच्या खोलीत महिन्यातून दोन दिवस एक माणूस बसायचा. त्याने गोपालला चूर्ण दिलं, तेल दिलं, शिरा सुकत चालल्या आहेत म्हणून घाबरवलं आणि कोणाला सांगशील तर औषधाचा गुण जाईल असं बजावलं. गोपाल तिथे चारदा गेला. दुकानाच्या गल्ल्यातून त्याने बापाला न सांगता पैसे उचलले होते. हे सांगताना त्याने मान खाली घातली.

"मले वाटलं मलेच झालं," तो म्हणाला. "तुलेही होत असन असं डोक्यातच नाई आलं."

"मले तीन महिने झाले, गोपाल."

त्याने चिठ्ठी खिशात ठेवली. रक्षाने विचारलं, "आलं कोठून?"

"तुया आधी. मी नागपूरले गोडावूनात कामाले गेलतो ना, तवा. एकदाच."

"सांगतलं काऊन नाई?"

"तू सोडून जाशीन म्हणून."

रक्षाने चहाचा कप बाजूला सारला. बाहेर कारंज्याची गाडी लागली होती आणि कंडक्टर नावं ओरडत होता. ती म्हणाली, "तवा सांगतलं असतं तर नसती गेली. आता मले माहीत नाई."

मग तिने त्याला खोली कुठे आहे, वेळ काय, ते सांगितलं. मी सोबत येणार नाही, तुझं तू जा, असंही सांगितलं. तो उठायला लागला आणि पुन्हा बसला.

"म्हणजे शिरा गिरा काही सुकत नाई?" त्याने विचारलं. "गोळ्यांनी जाते?"

"गोळ्यांनी जाते," रक्षा म्हणाली.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं आणि बराच वेळ तसाच बसला. रक्षाला त्याचा राग आला होता, तो तसाच होता. तरी त्याचे खांदे खाली आलेले पाहून तिलाही जरा हलकं वाटलं, आणि तसं वाटल्याचा तिला पुन्हा राग आला.

गोपाल मंगळवारी गेला. समोरच्या बाकावर सगळ्या बायका पाहून तो दवाखान्याला दोन फेऱ्या मारून आला. तिसऱ्या फेरीला कांताताई स्वतः बाहेर आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, तुमचं ते रक्ताचं काम राहिलं ना, या. आत नेऊन त्यांनी त्याला डॉक्टरांकडे पाठवलं. त्याचं रक्त साफ निघालं आणि औषध एकाच दिवसात संपलं. तीन दिवसांनी त्याने रक्षाला फोन करून जळजळ गेल्याचं सांगितलं. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या गोळ्यांचे अजून तीन दिवस बाकी होते. तोंडाला लोखंडासारखी चव यायची, जेवण जात नसे, पण पोटातलं दुखणं ओसरत होतं हे तिला रोज सकाळी उठल्याबरोबर कळायचं. चौदाव्या दिवशी ती वर्गात मधल्या बाकावर बसली, दोन मुलींच्या मधे.

पुन्हा दाखवायला गेली तेव्हा कांताताईंनी ती बरी झाल्याची नोंद केली आणि वहीची मागची पानं चाळली. त्यांनी सांगितलं की वर्षभरात या वहीत एकोणीस नंबर आले, त्यात कॉलेजचे सहा. एप्रिलपासून ही खोली सामान ठेवायला घेणार असं वरून बोलणं चाललं आहे. कोणी येतच नाही तर चालवायची कशाला, असं दवाखान्याचे मोठे साहेब म्हणतात. रक्षाला ते ऐकून धक्का बसला. ती म्हणाली, अकरा वाजता कॉलेजचं कोण येईल, आणि त्या बाकासमोरून आत कसं जाणार.

"मी दोनदा लिहून दिलं," कांताताई म्हणाल्या. "साहेब वाईट नाई. ते विचारतात, मागणी कोणाची हाय, ते दाखवा. मी कोणाले पुढं करू? इथं जे येतात ते नाव लपवूनच येतात."

त्या संध्याकाळी रक्षाने वहीच्या पानावर अर्ज लिहिला. खोली बंद करू नये, आठवड्यातून एक दिवस कॉलेज सुटल्यावर उघडी ठेवावी, आणि येण्याजाण्याचा रस्ता वेगळा असावा. स्वीटीने दोन ठिकाणी व्याकरण दुरुस्त केलं. दुसऱ्या दिवशी दोघी बॉटनीच्या सपना मॅडमकडे गेल्या, कारण कॉलेजच्या महिला समितीचं काम त्यांच्याकडे होतं. मॅडमनी अर्ज दोनदा वाचला. त्यांना काळजी वाटली, ती त्यांनी लपवली नाही. पालक विचारतील, वर्तमानपत्रात भलतंच छापून येईल, असं त्या म्हणाल्या. पण शेवटी म्हणाल्या की शंभर सह्या आणा, प्राचार्यांकडे मी घेऊन जाते.

शंभर सह्या. अर्ज हॉस्टेलच्या मेसमध्ये ठेवला होता. मुली येत, वाचत, चांगलं आहे म्हणत आणि ताट घेऊन निघून जात. एकीने स्पष्टच सांगितलं की यावर नाव लिहिलं तर लोक म्हणतील हिलाच गरज असेल. चार दिवस झाले तरी कागदावर फक्त स्वीटीची सही होती. रक्षाने स्वतःही केली नव्हती. ती रोज पेन उचलायची आणि ठेवायची. स्वीटीला ते दिसत होतं. त्यामुळे रक्षाला जास्तच लाजल्यासारखं होत होतं.

रविवारी दुपारी मेसच्या देवकाबाईंनी विचारलं की हा कागद रोज माझ्या भाताच्या पातेल्याजवळ काय करतो. देवकाबाई पंचावन्नच्या, सोळा वर्षं त्याच हॉस्टेलात स्वयंपाक करत होत्या. मुली त्यांना मावशी म्हणत आणि थोडं घाबरत. स्वीटीने त्यांना अर्ज मोठ्याने वाचून दाखवला. मेस भरलेली होती. वाचून होईपर्यंत ताटांचा आवाज थांबला होता.

देवकाबाईंनी पदराला हात पुसले. "सोळा वर्सं झाले मी इथं पोरींले जेऊ घालून राह्यली," त्या म्हणाल्या. "कोनती पोरगी कायले अर्ध्या ताटावरून उठते, मले समजते. एक पोरगी तर गावी गेली ते वापसच नाई आली. तवा असं काही असतं तर मी तिले हात धरून नेलं असतं. कोठं करू सही?"

स्वीटी म्हणाली की मावशी, हा विद्यार्थ्यांचा अर्ज आहे. देवकाबाई म्हणाल्या, मग त्यात स्वयंपाकीणही लिही. स्वीटीने नवीन कोरा कागद घेतला, वर 'विद्यार्थी व कर्मचारी' असं लिहिलं, आणि देवकाबाईंनी एकेक अक्षर जोडत पहिल्या ओळीवर आपलं पूर्ण नाव लिहिलं. त्याला बराच वेळ लागला. कोणी जागेवरून हललं नाही. दुसऱ्या ओळीवर रक्षाने सही केली. वर देवकाबाईंचं मोठं वाकडंतिकडं नाव होतं आणि त्याखाली आपलं नाव लिहायला आता कसलीच अडचण वाटत नव्हती. पंचावन्न वर्षांच्या बाईचं नाव पहिलं असलेल्या यादीवरून कोण कोणाबद्दल काय बोलणार. तिच्यामागे तीन मुली उभ्या राहिल्या, मग सात. संध्याकाळी अंधार पडायच्या आत एकसष्ट सह्या झाल्या.

उरलेल्या सह्या मुलांकडून आल्या. स्वीटीने अर्जाची एक प्रत गोपालला पाठवली होती, रक्षाला न विचारता. तीन दिवसांनी त्या प्रतीवर अठ्ठेचाळीस नावं आली. ती कशी आली हे रक्षाला वर्गातल्या एका मुलाकडून कळलं. गोपालने मुलांच्या मेसमध्ये उभं राहून जामच्या लॉजची सगळी हकीकत सांगितली होती, चूर्ण आणि तेलासकट. आधी मुलं हसली. मग जेवण झाल्यावर दोघांनी त्याला बाजूला घेऊन खोलीचा नंबर विचारला. रक्षाचं नाव त्याने कुठेच घेतलं नव्हतं. ते ऐकल्यावर रक्षाने कितीतरी दिवसांनी त्याला स्वतःहून फोन केला. दोघं आता शनिवारी भेटतात, चहा पितात, आणि पुढचं काय ते रक्षाने अजून ठरवलेलं नाही. तो विचारतही नाही.

प्राचार्यांनी अर्ज पुढे पाठवला. वर्तमानपत्रात काही आलं नाही. दोन पालकांचे फोन आले, त्यातल्या एकाने रागाने विचारलं आणि दुसऱ्याने हे मुलांसाठीही आहे का असं विचारलं. दवाखान्याच्या साहेबांनी सपना मॅडमना आणि कांताताईंना बोलावून घेतलं, सह्या मोजून पाहिल्या आणि म्हणाले की आधीच आणायचं होतं. मार्चच्या शेवटी आदेश निघाला. मंगळवार-शुक्रवार बंद करून दर बुधवारी तीन ते सहा. खोली तळमजल्यावर, रक्त तपासणीच्या खिडकीशेजारी, जिथे रोज सगळ्या वयाची माणसं रांगेत उभी असतात आणि कोण कशासाठी आलं आहे ते कोणाला कळत नाही. दाराबाहेर एक पेटी लावली. तिच्यात निरोध आणि दिवस राहिलेत का ते पाहायच्या पट्ट्या होत्या, कोणीही न विचारता घ्याव्यात अशा.

पहिल्या बुधवारी रक्षा आणि स्वीटी पावणेतीनलाच जाऊन बसल्या. कांताताईंनी टेबल दोनदा पुसलं आणि खुर्च्यांची जागा बदलली. साडेतीनपर्यंत कोणी आलं नाही. कांताताई म्हणाल्या, एक जरी आलं तरी पुरे. पावणेचारला तोंडाला स्कार्फ बांधलेली एक मुलगी आली, पेटीतून काही तरी उचलून निघून गेली, आणि पाच मिनिटांनी परत येऊन आत शिरली. मग दुसऱ्या एका कॉलेजचे दोन मुलगे आले, एकमेकांना पुढे ढकलत. मग एक जोडपं, एकत्र. रक्षा बाहेर बसून जो येईल त्याला पाणी देत होती आणि कोणाच्याही तोंडाकडे फार वेळ पाहत नव्हती.

सहा वाजले तेव्हा अकरा जण होऊन गेले होते आणि तिघं बाहेर बसली होती. शिपाई कुलूप घेऊन आला. कांताताईंनी दारातून डोकं बाहेर काढलं, त्या तिघांकडे पाहिलं आणि शिपायाला म्हणाल्या की तू चहा पिऊन ये, आम्हाला अजून वेळ आहे.